प्रश्न उद्भवत नाही

बाबा विधानभवनात लघुलेखक होते.
हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्सच्या दुभाजकांना रंग लागायचा
आणि आमच्या घरी डझनभर पेन्सिली यायच्या.
दर काही मिनिटांनी लिहिणारा बदलायचा.
मंत्री तोच.

छापील उत्तरांचे रद्दी कागद माझ्या वह्यांना कव्हर म्हणून लागत:
(१) होय. (२) नाही. (३) प्रश्न उद्भवत नाही.
आई विचारायची, गृहपाठ झाला का?
मी म्हणायचे, प्रश्न उद्भवत नाही.

एका वाक्यासाठी बाबांनी स्वतःची खूण केली होती,
विळीच्या टोकासारखी वळलेली रेघ:
‘चौकशी करून योग्य ती कारवाई करण्यात येईल.’
सात शब्द, एक झटका.
म्हणायचे, माझं मनगट या रेघेनं वाचवलं.

मी परसोडीच्या आयटी पार्कात, रात्रपाळीत,
अमेरिकेचं बोलणं लिहिते.
मिनिटाला साडेअकरा रुपये.
माझ्या वाट्याला एक सिनेटर आला आहे.
तो पहिल्यांदा निवडून आला तेव्हा मी जन्मले नव्हते.
आता त्याचा आवाज भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा;
मधेच थांबतो,
मागून कुणी कागद सरकवतं (ती सरसर मला ऐकू येते)
आणि तो पुन्हा सुरू होतो,
गेल्या वर्षीच्याच वाक्यापासून.

मीही खूण केली आहे. एफ-सात दाबलं की:
‘या देशाची जनता याहून चांगल्याला पात्र आहे.’
एफ-आठ: कंसात टाळ्या.
शेजारी फिरदोसकडे त्याचा कट्टर विरोधक.
तिच्याही एफ-सातवर हेच वाक्य.
एकदा आम्ही कीबोर्ड बदलून बसलो.
पहाटेपर्यंत कुणाला कळलं नाही.

मंगळवारची फाईल एका शाळेच्या जिममधली होती.
खुर्च्यांचे पाय घासत होते.
एक बाई उठली. माइक तिच्यापर्यंत पोचलाच नाही.
आमचा नियम: तीनदा ऐका, नाहीतर ‘अस्पष्ट’ लिहा.
मी अकरा वेळा ऐकलं, हेडफोन कानात रुतवून.

ती शाळेची बस चालवते.
सहा वेळा तुम्हालाच मत दिलं, म्हणाली.
भाऊ दोन आठवड्यांचं इन्सुलिन चार आठवडे पुरवत होता.
मला काही विचारायचं नाही,
फक्त त्याचं नाव तुमच्यासमोर घ्यायचं आहे.

आणि तिनं नाव घेतलं.
तेवढंच मला लागलं नाही.
डेल? डीन? अकराही वेळा तीच खुर्ची घासली.

मग एफ-सात.
मग टाळ्या.

मी तिचं सगळं टाईप केलं, नावाची जागा मोकळी ठेवून.
सकाळी तपासणीवाल्या पोट्ट्यानं ओळी काढल्या.
शेरा: वक्त्यांच्या यादीत ही बाई नाही.

घरी येताना आकाशवाणी चौकात अडकले. अधिवेशन.
चौदा गाड्या मोजल्या, पुढे मोजणं सोडलं.
बाजूच्या स्कूटीवरची डबेवाली बाई म्हणाली,
‘याइले रोजच उशीर होते काय बाप्पा,
का आपल्यालेच?’
माझं बोट हँडलवर आपोआप दाबलं गेलं.

बाबांना सांगितलं.
डावा कान पुढे करून त्यांनी ऐकलं.
‘सज्जातून कुणी ओरडलं की पेन्सिल उचलायची.
सभागृहात नसलेल्या माणसाचं घ्यायचं नसतं.’
चहावर साय धरली.
‘एक जण ओरडला होता. मार्शलनी नेईपर्यंत ओरडत होता.
मी पेन्सिल उचलली.’

काय म्हणाला होता?

त्यांनी दुधाच्या बिलाची पाठ पुढे ओढली.
हात थरथरतो, पण रेघा सरळ आल्या,
चार ओळी, न थांबता,
एकही विळीसारखी नाही.
कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, वाच.

मला लघुलेखन येत नाही.
बाबा तोवर पेपराकडे वळले होते.
मी घडी करून तो हेडफोनच्या पिशवीत ठेवला आहे.