दुसरा नंबर

मागच्या वर्षी हात वर केले होते.
तेरा जणांत घाडग्यांना पाच,
उरलेले आठ हात तीन दिशांना.
घाडगे मेसचे सेक्रेटरी झाले
आणि आम्ही आठ जणांनी वर्षभर
त्यांचं पाणीदार वरण ओरपलं
एकमेकांकडे न बघता.

यंदा विल्सन डाबरे म्हणाला, हात नकोत, आकडे लिहा.
सोहारच्या उकाड्यात एसी धापा टाकत होता.
सिमेंटच्या चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर
आम्ही लिहिलं : एक, दोन, तीन, चार.
खजुराच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या.

घाडगे पाच. परकार चार. म्हात्रे तीन.
डाबरेला त्याचं स्वतःचंच एक.
तो हसला. मी बाद, पण माझी चिठ्ठी बाद नाही,
म्हणत ती परकारांच्या गठ्ठ्यावर ठेवली.
पाच, पाच, तीन.
मग म्हात्रे बाद.

त्या तिनांतली एक माझी.
म्हात्रे आमच्या आवासचे,
गावकीला नाही म्हणवत नाही.
पण मासा रांधावा तो इनायत परकारांनी,
हेही लिहिलं होतं, दोन नंबरावर,
जरा बारीक अक्षरात.

दुसरी चिठ्ठीही तिकडेच गेली.
तिसरीवर एकच नाव, खाली कोरं.
अंगद. एकोणीस वर्षांचा, दीड महिन्यापूर्वी आलेला.
"दुसरं कुणी नकोच होतं मला."
ती डब्याखाली सरकवून ठेवली.

तेरातले सात परकारांना.
घाडगे उठले : "पहिला येऊन हरलो,
हा कुठला हिशेब?"
डाबरेने पुन्हा मोजलं, मोठ्याने.
पुन्हा सातच.
घाडगे तरी उभेच होते,
आणि मला वाटलं, त्यांचंही अगदीच चूक नाही.

रात्री गच्चीवर गेलो.
लांब रिफायनरीची ज्योत, वाळत घातलेले तेरा बॉयलरसूट.
मीही कधीतरी एक नंबरावर लिहिलं होतं
अलिबागच्या डेपोतलं फिटरचं काम,
आणि खाली, बारीक अक्षरात, हे.
पहिलं लवकरच बाद झालं.
चिठ्ठी इकडे सरकली, मोजली गेली.
अकरा वर्षं झाली मोजली जातेय.

अंगद कठड्याशी फोनवर होता.
त्याला काही सांगणार होतो,
पण तो आईशी बोलत होता, म्हणून थांबलो.

शुक्रवारी परकारांनी सुरमई केली.
घाडग्यांनी रस्सा
दुसऱ्यांदा मागून घेतला.