तीन शतांश ग्रॅम

ती आली तेव्हा मी चौथा खंड उघडून बसले होते,
बांधणी सुटलेला, पाठीवर कापडाची पट्टी डकवलेला.
लारिसात ऑगस्टमध्ये कुणी येत नाही.
पंखा पानं उलटतो, मी ती परत मागे आणते,
एवढंच काय ते आमचं भांडण.

तिनं बटणांचा डबा उघडला.
शिंपल्याची बटणं, हुक, एक अंगुस्तान,
आणि त्यांच्यात, आपणही बटणच असल्यासारखं, ते.
"आजोबांना शेतात सापडलं," लाम्ब्रिनी म्हणाली.
सगळ्यांच्याच आजोबांना शेतात सापडतं.
मी मान हलवली आणि काटा शून्यावर आणला.

एका बाजूला अप्सरा, चेहरा किंचित डावीकडे,
केस मोकळे, नाक झिजून सपाट.
दुसरीकडे चरणारा घोडा,
पुढचा पाय दुमडलेला, आता मातीत लोळेल अशा बेतात.
वर लाम्डा, आल्फा, रो.
पुढची अक्षरं चांदीच्या कडेबाहेर पडलेली.
गाव कोणतं ते सांगायला पुस्तक लागत नाही:
हेच गाव. खिडकीखालच्या नदीवर
हाच घोडा पाणी प्यायला असेल.
पुस्तक लागतं ते यांतला कितवा घोडा, ते शोधायला.

त्यात बहुतेक वेळ नकार देण्यातच जातो.
माझ्या मावशीनं जशी स्थळं नाकारली, तशी मी घोडे नाकारते.
तक्ता एकोणीस: शेपूट फार लांब.
वीस: पोटाखाली रोपटं आहे, हिच्याकडे नाही.
एकवीस: अप्सरेच्या गळ्यात माळ.
हिच्याही असेल, पण गळाच उरला नाही.
(मावशी शेवटपर्यंत एकटी राहिली. सुखात होती.)

तक्ता बावीस, आकडा नऊ.
घोड्याच्या मांडीवर ओरखडा,
वरून खाली आलेला, टोकाशी विळ्यासारखा वळलेला.
ठसा शंभर नाण्यांना एकच घोडा देतो.
ओरखडा ज्याचा त्याला.
मी भिंग पुस्तकावर धरलं, मग चांदीवर,
मग पुन्हा पुस्तकावर.
कितीदा, ते मोजलं नाही.

चित्राखाली छापलंय:
लारिसा, मुलांची शाळा, दुसरं कपाट. ५.९४ ग्रॅम.
आणि समासात, माझ्याआधी या खुर्चीत बसणाऱ्या
पोलिझोइस मास्तरांचं मुंगीएवढं अक्षर:
"भूकंपानंतर मोजदाद केली. हे नाही. १९४१."

"आजोबा काय करायचे?" मी सहज विचारावं तसं विचारलं.
"शाळेत शिपाई होते. घंटा द्यायचे."
"आणि शेत?"
"शेत कुठलं आमचं," ती म्हणाली,
आणि मग ते वाक्य आम्ही दोघींनी ऐकलं.

त्या हिवाळ्यात इथं माणसं
भिंतीला टेकून बसायची ती उठायची नाहीत.
लग्नाच्या अंगठ्या गेल्या पळीभर तेलापायी.
पियानो गेला पिठाच्या पोत्यापायी, असं आई सांगायची,
कुणाचा ते सांगायची नाही.
हे मात्र गेलं नाही. बटणांत राहिलं.
त्यानं चोरलं, की भिंती पडताना उचलून ठेवलं,
आणि परत द्यायचं तर कुणाला,
दार कुठलं, कपाट कुठलं?
खंड नऊ आहेत. याला तक्ता नाही.

काटा थरथरला, थांबला.
५.९१.
तीन शतांश ग्रॅम कमी.
ऐंशी वर्षं हुकांशी घासून,
अंधारात कुणाच्या अंगठ्यानं चोळून;
किंवा त्या काळचा काटाच ढिला असेल, एवढंच.
तरी मी तिच्या बोटांकडे पाहिलं.

"लागला पत्ता?"
मी पंखा बंद केला.
पुस्तक तिच्याकडे फिरवलं, नाणं शेजारी ठेवलं,
भिंग तिच्या हातात दिलं, आकडा सांगितला नाही.
ती वाकली, चष्मा कपाळावर सरकवला,
आणि पहिल्या घोड्यापासून सुरुवात केली.