मोहोरात पाऊस मागू नये

मे संपत आला की हाएनच्या उतारांवर
ऑलिव्हला मोहोर धरतो.
मोहरीएवढ्या कळ्या, पांढुरक्या,
लांबून पाहिलं तर झाडांना नुसतं पीठ लागल्यासारखं.
गावात जो तो विचारतो, "यंदा कसा?"
आन्सेल्मो म्हणतो, "भरघोस."
मी म्हणते, "देव पावला,"
आणि घरात जाऊन खिडक्यांच्या फटींत
ओली फडकी कोंबते.

एलोई सात वर्षांचा.
पणजोबांनी लावलेली तीनशे झाडं त्याला पोसतात.
त्याचे बूट त्या झाडांचे, दप्तर त्या झाडांचं,
सकाळी पावावर ओततो ती धारसुद्धा त्यांचीच.
आणि त्यांच्याच धुळीनं
त्याचे डोळे असे चिकटतात
की उघडायला कोमट पाण्याचा बोळा फिरवावा लागतो.

रोज रात्री केस धुते त्याचे, झोपायच्या आधी.
तो चिडतो. मीही चिडते.
मग नाकात मिठाचं पाणी,
तेव्हा मात्र तो ओरडतो, "समुद्र आला!"
समुद्र त्यानं एकदाच पाहिलाय, मालागाला, तीन दिवस.
तीन दिवसांत एक शिंक नाही.
परतताना गाडीत गप्प होता,
आणि पहिली झाडं दिसली तशी
कुणी न सांगता त्यानं काच वर केली.

संध्याकाळी आन्सेल्मो येतो, भुवया पिवळ्या.
एलोई धावत सुटतो आणि काचेच्या दाराशी थांबतो.
हे त्याला कुणी शिकवलं नाही.
नाही, मीच शिकवलं.
बाप अंगणात नळीखाली, मुलगा आत आकडे मोजत.
दोनशे झाले की दार उघडायचं, असं ठरलंय.
कधीकधी दीडशेच्या आतच बाप आत येतो,
कानामागे साबण तसाच.

गेल्या वर्षी एका रात्री त्याची छाती वाजू लागली.
पंपाला प्लास्टिकची ती जाड नळी लावून
मी त्याच्या तोंडाशी धरली, दहा श्वास मोजले,
परत दहा. मग शिट्टी जरा मंदावली.
आन्सेल्मो दाराच्या चौकटीत उभा होता,
हात पाठीमागे बांधून,
जणू हातांनीच काही केलं असावं.
पहाटे मी बाहेर आले आणि पाऊस मागितला.

मोहोरात पाऊस मागू नये.
इथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं.

पडला. दोन दिवस, झोडपून.
झाडांखाली कळ्यांचा चिखल झाला.
एलोई तोंड मिटून झोपला,
त्या महिन्यात पहिल्यांदा, नाकानं श्वास घेत,
आणि मी उशाशी बसून तो आवाज ऐकत राहिले,
म्हणजे आवाज नव्हताच, तेच तर.
स्वयंपाकघरात आन्सेल्मो
वहीतले आकडे खोडत होता.
मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली.
सांगितलं नाही.
अजून सांगितलेलं नाही.

आता दर महिन्याला उबेदाच्या दवाखान्यात सुई.
काट्यानं काटा काढायचा, तसलं काहीतरी:
सुईत हाच पराग, चिमटीभरही नाही.
तीन वर्षं तरी लागतील, डॉक्टर म्हणाल्या,
आणि पूर्ण जाईल असं वचन दिलं नाही.
त्यांचं मला तेवढंच आवडलं.

टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं असतं.
एलोईनं बाही वर धरून विचारलं,
"हा कुणाच्या झाडाचा?"
डॉक्टरांना कळलं नाही.
"आमच्या झाडाचा असेल तर चालेल," तो म्हणाला.

त्या हसल्या आणि पुढचं नाव पुकारलं.
मी त्याच्या दंडाकडे पाहिलं.
गाठ आली होती,
जुलैतल्या कोवळ्या फळाएवढी.
खाजवू नकोस, म्हटलं.