हिमगिरी लॉज, सोलापूर

पाटीवरचा 'हि' कधीतरी गळून पडलाय.
उरलंय ते मगिरी लॉज.
मे महिना, पारा त्रेचाळीस, आणि काउंटरमागे
बर्फाच्या डोंगरांचं कॅलेंडर,
सन एकोणनव्वद, महिना डिसेंबर.

रजिस्टर सरकवत अंबादास गुंडेटी म्हणाले,
"येण्याचं कारण?"
मी लिहिलं, काम.
"काम सगळ्यांनाच असतंय. नीट लिहा."
मग लिहिलं: वडिलांचा गिरणीतला फंड, राहिलेला.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
सातची चावी परत खिळ्याला लावून
बाराची दिली. खिडकीवाली.

चावीला लाकडी ठोकळा एवढा मोठा
की खिशात मावेना.
मोरीत सूचना: पाणी पाचव्या दिवशी.
आज चौथा.
माझी बादली अर्धी, तिच्यात एक मुंगी,
बुडायची घाई नसलेली.

रात्री लाईट गेली. कूलर घरघरत थांबला.
अकराला दार वाजलं.
अंबादास, हातात भिजवून पिळलेली चादर,
आपलीच, सोलापुरी, मोरांची.
"अंगावर घ्या. वाळली तर हाक मारा."
दोन पावलं गेले, वळले.
"साहेब, बर्फ असाच लागतो का हो अंगाला?"

मी बार्शीच्या पलीकडे डोंगर पाहिलेला नाही.
"असाच," म्हणालो. "थोडा जड."
"वाटलंच मला," म्हणाले
आणि अंधारात जिना उतरले.

दोनदा आले नंतर. मी हाक मारली नव्हती.

सकाळी फंड ऑफिसला निघालो तेव्हा
काउंटरवर डोकं टेकून ते झोपलेले,
आणि जिन्याखाली, त्यांच्या खोलीबाहेर,
त्यांची बादली
पालथी.