दोन फेरे खाली

हळू छेडली तरी तेवढीच,
फाडून वाजवली तरी तेवढीच.
सतरा वर्षं ऑर्केस्ट्रात आहे,
हळदीला, बारशाला, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला,
आणि परवा ध्यानात आलं,
माझ्या गिटारला माझा हात कळत नाही.

उद्यमनगरात, लेथच्या गल्लीत,
दस्तगीर शिकलगारचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
वार्निशचा वास. नदीकाठच्या पंपांच्या
जळालेल्या मोटारी दारात ओळीनं.
त्यानं गिटार मांडीवर घेतली,
आजारी शेळी घ्यावी तशी,
आणि नखानं टिचकी मारली.
एक हलकी. एक जोरात.

"पिकअप किती वेढ्यांचा?"
मला कुठलं माहीत.
"जास्त आवाजाचा म्हणून मागवलास न्हवं?"
व्हय.
"मग झालं तर. वेढे वाढले की आरडाओरडा वाढतोय.
बारीक बोलणं तांब्यातच मुरतं."

मग एक डोळा मिटून
तार आणि चुंबक यांच्यातल्या फटीत बघत बसला.
"आरं, हे तारेला गिळायलाच टेकलंय.
तिला डुलायला जागा नको?"
स्क्रूड्रायव्हर घेतला,
दोन फेरे खाली.

मग माझ्या पायाखालच्या डब्यांची उलटतपासणी.
ह्यो कशाला?
आवाज सारखा राहावा म्हणून. बारक्याला उचलतो, मोठ्याला दाबतो.
आणि ह्यो?
जरा धार यावी म्हणून.
ॲम्पचा गेन?
साडेआठवर.
तो हसला नाही.
"इस्त्री तूच फिरवलीस," म्हणाला,
"आणि आता चुण्या हुडकतोयस."

माझा बाप गुळव्या होता, वडणग्याच्या गुऱ्हाळावर.
काहिलीतला पाक थेंबभर पाण्यात सोडायचा,
दोन बोटांत त्याची गोळी वळायचा
आणि म्हणायचा, अजून नाही.
परत थेंब, परत गोळी. अजून नाही.
बाकीचे दम धरून उभे.
बोटं भाजून भाजून चामड्याची झालेली,
तरी त्यांना कळायचं.
मी त्याचा पोरगा,
आणि मी पायानं बटण दाबतो.

"डबे काढ. गेन तिनावर. आता वाजीव."

वाजवली.
हळू म्हणजे खरंच हळू,
इतकी की शेजारचा लेथ थांबेपर्यंत ऐकूच आली नाही.
जोरात मारली तर ॲम्प जरासा चिरकला,
ओरडताना माणसाचा गळा चिरकतो तसा.
आणि या दोघांच्या मधे
माझं तिसरं बोट. थरथरतं. अर्धवट दाबणारं.
सतरा वर्षं कुणाला ऐकू गेलं नव्हतं,
मलाही नाही.
घाई केली तिथं घाई ऐकू आली.
एका सुराला भितो, तो सूरही सापडला.

दस्तगीर रीळ गुंडाळत होता.
"गिटार बरी झाली. बाकी तुझं तू बघ."
साठ रुपये घेतले.

शनिवारी रुकडीच्या पुढं लग्न.
मिक्सरवर अभिनंदन मगदूम, हेडफोन एका कानावर.
"दादा, तुमची लेव्हल लई वरखाली होतीय. लिमिटर टाकू?"
वरात दारात आलेली, बेंजो पार्टी तापलेली.
टाक म्हणालो.
सगळं परत सपाट, सगळं परत सुरक्षित.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग पंगत बसली.
अभिनंदनला हातानं खूण केली, काढ.
त्यानं खांदे उडवले आणि काढला.
वाढपी बुंदीची बादली घेऊन फिरत होते,
कुणी मान वर केली नाही.
मी तिसरं बोट त्याच तारेवर ठेवलं,
दाबलं, सोडलं, ऐकलं.
अजून नाही.