बर्फात मूठभर मीठ

मे महिन्याची दुपार, गोळीबार चौकामागची गल्ली.
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही
आणि मी एका फ्रीजमध्ये डोकं खुपसून
हिटर शोधतोय.

निनावे काकूंना हे काही पटत नाही.
"थंड करायच्या मशिनीत हिटर कायले लागते बाप्पा?
गच्चीवर ठेव न त्याले, तसाच तापून जाईल."
काल कोणी येऊन सांगून गेला, गॅस संपला, साडेतीन हजार.
पण वरच्या कप्प्यात बर्फ भिंतीसारखा चढलाय,
खाली दूध फाटलंय.
गॅस संपला असता तर एवढा बर्फ आला कुठून?

तुळशीरामजींचं इन्सुलिन
स्टीलच्या डबीत, डबी ओल्या फडक्यात,
फडकं माठाखालच्या वाळूत.
ते पलंगावरून विचारतात,
"संध्याकाळच्या सुईपर्यंत होईल न?"
होईल, म्हणतो. पहिला स्क्रू अजून निघायचाय.

दिवसातून दोन-तीनदा हा फ्रीज गुपचूप थांबतो.
कॉइलवर साचलेलं पांढरं
थोडा वेळ तापून वितळवतो,
पाणी मागच्या ट्रेमध्ये सोडतो
आणि काही झालंच नाही असा पुन्हा घुमायला लागतो.
ते तापणं बंद पडलं की वारा अडतो.
गारवा असतो, पोचत नाही.

पॅनल निघालं. मीटर लावला.
हिटर : दोनशे ऐंशी ओहम. जिवंत.
फ्यूज : बीप.
बायमेटल : काही नाही.
मीटरच्या काचेवर नुसता एक आकडा, डावीकडे, एकटा.

सापडला! पिशवीत नवा शोधू लागलो
आणि कलीम उस्तादांची टपली आठवली,
मोमिनपुऱ्यातल्या दुकानातली.
बायमेटल कडक थंडीतच हात धरतो, उन्हात सोडतो.
शेहेचाळीस डिग्रीत त्याची साक्ष काढायची
आणि वर त्यालाच फेकायचं?

काकू, मीठ आहे का? जाडं.
कॉइलचाच बर्फ खरवडून पातेल्यात घेतला,
मूठभर मीठ, बायमेटल पन्नीत बांधून आत.
काकू स्टूल घेऊन बघायला बसल्या.
"लग्नाच्या वर्षी आइसक्रीमचा पॉट असाच फिरवला होता."
पलंगावरून : "हँडल तुटलं होतं."
सात मिनिटं.
टक.
मीटर ओरडला.

म्हणजे हाही निर्दोष.
टायमर पेचकसनं फिरवला, करंट निघतोय.
एकेकटे सगळे बरोबर,
मधे कुठंतरी रस्ता बंद.

तुळशीरामजी कुशीवर वळले.
"मागावर धागा तुटला त डोळ्याले नाही दिसत,
बोटाले लागते."

मग बोटानं गेलो, वायर धरून.
ट्रेच्या वरच्या ओलीत एक जोड.
काळी टेप, आतलं तांबं कळकून हिरवं,
हात लावताच गळून आलं.
टेप उलट्या बाजूनं गुंडाळलेली.
डावखुरे मेकॅनिक या शहरात पुष्कळ असतील,
पण टेपचं टोक चिमटीनं दुमडून ठेवायची खोड
माझी आहे.
तीन वर्षांपूर्वी, अशीच दुपार. घाई होती.
सोल्डर नंतर येऊन करतो म्हणालो होतो.

आज केलं. वर नळी चढवली, ओढून पाहिलं,
परत ओढून पाहिलं.

"का सापडलं?"
"जोड सुटला होता."
"कोणाचा?"
पंखा गरम हवाच फिरवत होता.
"माझा."

काकूंनी पातेलं उचललं, खारं पाणी मोरीत ओतलं.
"मंग पैसे कायचे मांगशील," म्हणाल्या,
आणि पेल्यात पन्हं दिलं. कोमट.

टायमर ढकलला. कॉइलच्या आड
काचेच्या नळीत तार लालसर झाली.
आम्ही तिघं गप्प.
खूप वेळानं ट्रेमध्ये एक थेंब पडला,
आणि पलंगावरून तुळशीरामजी
मोठ्यानं मोजू लागले.
एक.
दोन.
थांब न, तीन.