शंभर थेंब

पहिली गेली शेवंती.
आधी नुसती फुगून बसली, पिसांत चोच खुपसून.
मला वाटलं, थंडी. पौषात राऊला अशी थंडी पडते
की गच्च्यांवर पसरलेले आलूचे चिप्स
दुपारपर्यंत ओलेच.
संध्याकाळी हिरवं पाणी टाकलं तिनं,
सकाळी मान उलटी वळलेली,
पत्र्याकडे बघत होती
वरून कुणी हाक मारल्यासारखी.

धुळ्याला मावशीच्या तोंडी ऐकलेला शब्द
चाळीस वर्षांनी जिभेवर आला: मानमोडी.
इथे त्याला रानीखेत म्हणतात,
उन्हाळ्यात हवा पालटायला जायचं गाव असावं तसं.

तिसऱ्या दिवशी चार. मग सहा.
मग कोंबडा, आमचा हवालदार.
तो गेला तरी उजाडलं.
म्हण खरी निघाली. नसती निघाली तर बरं झालं असतं.

खड्डा खणला, चुना टाकला, वर दगड.
गल्लीत विचारलं त्यांना सांगितलं, नेवला.
मुंगूस म्हटलं तर इथे कळत नाही,
आणि खोटं समोरच्याच्या भाषेत बोलावं लागतं.

महूचा डॉक्टर, रायकवार, मिशीही धड न फुटलेला,
म्हणाला, याला औषध नाही. लस आहे,
तीही आजारी पाखराला नाही, उरलेल्यांना.
वाचतीलच असं नाही.
बाई, हा रोग उडत कमी येतो,
आपल्या चपलांना चिकटून जास्त.
तुम्ही कुणाच्या अंगणात जायचं नाही.
बाटली शंभरांची. कमीची मिळत नाही.
बर्फात न्या. फोडली की दोन तास.

माझ्याकडे सात होत्या.

परतीच्या बसमध्ये थर्मास मांडीवर,
आतला बर्फ प्रत्येक खड्ड्याला वाजत होता
आणि मी त्र्याण्णव मोजत होते.
नर्बदाकडे बारा, शकीलाकडे नऊ,
वीटभट्टीच्या झोपड्यांत मिळून वीसेक.
बाटली फोडायची
तर आधी तोंड उघडायला हवं होतं.

आपल्याच फाटकाच्या आत उभी राहून
मी गल्लीला हाका मारल्या.
नर्बदा दिवाळीपासून बोलत नव्हती,
माझ्या कोंबड्यांनी तिचे चिप्स उकरले होते म्हणून.
तीच आधी आली. सगळं ऐकून घेतलं.
म्हणाली, मग नेवल्याला ताप होता वाटतं?
मी मान खाली घातली. सरळ, खाली.
तिनं लाल पोटॅशच्या पाण्यानं थर्मास पुसला,
हात बुडवले कोपरापर्यंत,
आणि निघाली.

आधी निरोगी घरं, शेवटी माझं, असं ठरलेलं.
मी ओट्यावर बसून ऐकत राहिले:
शकीलाच्या मागच्या दारी फडफड,
मग भट्टीकडे पोरांचा गलका, पकड, पकड,
मग बराच वेळ काही नाही.
घड्याळात एक तास पन्नास मिनिटं
तेव्हा फाटकाच्या दांड्यावर तिनं थर्मास ठेवला.
तळाला पुरेसं होतं.

एकेक डोळा, एकेक थेंब.
कालिंदी कडकनाथ, चोचीपासून नखापर्यंत काळी;
तिच्या डोळ्यात थेंब पडला की नाही
ते दिसलंच नाही.
तिनं पापणी मिटली, तेवढ्यावर धरलं.

सातातल्या दोन तरीही गेल्या.
कालिंदी राहिली, पण मान तिरकी ती तिरकीच.
दाणा टिपायला अर्धा वळसा घेते,
चुकते, पुन्हा घेते.
मी थांबते. मला कुठे बस गाठायची आहे.

महाशिवरात्रीच्या आसपास
नर्बदाच्या कुंपणाशी माती उकरलेली दिसली,
कडेला पांढरं.
लस पोचायच्या आधीच कधीतरी
माझ्या चपला तिच्या दारावरून गेल्या असतील.
किती गेल्या, विचारलं.
चिप्स उलटवत होती, वर पाहिलं नाही.
नेवला, म्हणाली.

उरलेल्या चुन्याची गोणी
मी तिच्या फाटकाबाहेर ठेवून आले,
अनवाणी.